फायरफॉक्स + यूब्लॉक ओरिजिन: रोजचा दीड जीबी पुरवायचा तर

बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं. ब्रॉडबँड घेतलेलं नाही, सगळा कारभार मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर. दिवेलागणीलाच डेटा संपल्याचा मेसेज यायचा आणि मग ६४ केबीपीएसवर पेपरचं एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. उन्हाळ्यापासून फोनवर क्रोमऐवजी फायरफॉक्स वापरतोय, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी सोय) टाकून. आता बहुतेक रात्री थोडा डेटा उरतो.

क्रोमचा डेटा वाचवणारा लाइट मोड गूगलने मार्च २०२२ मध्येच बंद केला. अँड्रॉइडचा डेटा सेव्हर मागे गुपचूप चालणाऱ्या अ‍ॅपना आवरतो. समोर उघडलेलं पान मात्र तेवढंच जड राहतं. आपल्या मराठी-गुजराती बातम्यांच्या साइट बघा ना, बातमी चार ओळींची आणि भोवती जाहिरातींची जत्रा. यूब्लॉक यातलं बरंचसं मागवतच नाही, बचत होते ती इथे.

पण नुसतं टाकून थांबू नका. यूब्लॉकच्या सेटिंगमध्ये मोठ्या मीडिया फाइल अडवायची सोय आहे, मर्यादा ५० केबी ठेवली तरी चालते. फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. हवा असेल तोच फोटो बोट लावून उघडायचा. तसंच साइटचे फॉन्टही अडवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल चांगल्याच जड असतात आणि वाचायला फोनमधला फॉन्ट पुरतो. फक्त काही ठिकाणी शोधाचं भिंग, मेनूच्या तीन रेघा यांच्या जागी चौकोन दिसतात, कारण ती चिन्हंही फॉन्टमधूनच येतात. सवय होते. फायरफॉक्समध्ये ऑटोप्ले, म्हणजे व्हिडिओ आपोआप सुरू होणं, पूर्ण बंद करा. नुसता आवाज बंद ठेवला तर व्हिडिओ मुक्यानेच डेटा खात राहतो.

तिकीट काढताना, पैसे भरताना एखादं पान अडलंच तर तेवढ्या साइटपुरता यूब्लॉक बंद करतो. 'आधी अ‍ॅडब्लॉकर काढा' म्हणून अडून बसणाऱ्या साइटही भेटतात. तिथे मी सरळ दुसरीकडे वळतो.

आईच्या फोनवर ओपेरा मिनी आहे. त्याच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये डेटा आणखी वाचतो, पण पान ओपेराच्या सर्व्हरवरून दाबून, लहान होऊन येतं, म्हणून बँकेचं काम त्यावर नको, असं तिला बजावून ठेवलंय.

रील्स आणि यूट्यूबच्या अ‍ॅपवर यातल्या कशाचाच काडीचा उपयोग नाही. आमच्या धाकट्या चिरंजीवांचा डेटा अजूनही दुपारीच संपतो आणि मग ते माझा हॉटस्पॉट मागायला येतात.