समुद्री खेकडे घरपोच, नागपूर: पॅकिंगला ४, निवडीला २

बांधीतले (भातखाचरातले) खेकडे जिवंत घ्यायची सवय असलेल्या नागपूरकराला बर्फातला समुद्री खेकडा पारखणं जरा अवघडच. या घरपोच सेवेचं पॅकिंग चांगलं आहे. बर्फ आणि खेकडे यांच्यामध्ये प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे वितळलेलं पाणी वजनात धरलं जात नाही. वेळही पाळतात. तक्रार आहे ती मालाच्या निवडीची. पाठीवर तीन ठिपके असलेले हे खेकडे ‘अख्खे’ म्हणून विकतात, पण पाय अपुरे असलेले त्यात सर्रास येतात.

ट्रॉलरच्या, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटीच्या, मालात हे व्हायचंच. जाळ्याच्या तोंडाचा खालचा दोर साखळीच्या किंवा शिशाच्या वजनाने तळ घासत जातो. मासा त्याच्या पुढे पळत राहतो आणि दमला की आत जातो. खेकडा बहुतेकदा वाळूत रुतून बसलेला असतो. दोर अंगावर आला की नांग्या पसरून त्याच्याशीच भिडतो. काहींच्या वरून दोर निघून जातो. बाकीचे उलथून आत पडतात आणि मागच्या पिशवीत मासळी-शिंपल्यांच्या ढिगाखाली चेपले जातात.

म्हणून तुटलेला पाय कुठे तुटलाय ते बघा. बुडाशी साफ सुटलेला पाय खेकड्याने स्वतःच सोडलेला असतो. तिथली जखम पडद्याने लगेच बंद होते, आतलं मांस शाबूत राहतं. असा खेकडा खुशाल ठेवा, भाव मात्र कमी करून मागा. मधेच पिचलेली नळी किंवा कवचाला गेलेला तडा असेल तर परत करा: रक्त वाहून गेलेलं असतं, मांस पाणचट लागतं. तड्याची कड काळी पडली असेल तर ती जखम बहुधा पकडण्याआधीची, जुनी. पोटाकडून, शेवटच्या पायाच्या बुडाशी अंगठ्याने दाबा. कवच दबलं तर खेकडा नुकती कात टाकलेला, आत मांस कमी.

‘साफ करून’ हा पर्याय घेऊ नका, तुकड्यांत तडे कळत नाहीत. घरी पाठ काढण्याआधी ब्रशने घासून धुवा आणि राखाडी कल्ले पूर्ण काढा. त्यांत गाळ अडकलेला असतो, रस्सा कचकचतो. अमोनियाचा वास आला तर शिजवूच नका. सावजी मसाल्याने तो झाकला जातो, माल सुधरत नाही.

पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून ट्रॉलरबंदी असते, पश्चिमेला ती १ जूनला सुरू होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ॲपवर ‘ताजा ट्रॉलर माल’ दिसला, तर फ्रोझनपेक्षा जास्त भाव देऊ नका.