गाडीची कामं: घरी कोणती करावीत, गॅरेजला कोणती द्यावीत

एअर फिल्टर बदलायला पाच मिनिटं पुरतात. ब्रेक पॅडना, हात बसलेला असेल तर, तासभर लागतो. दोन्हींचे व्हिडिओ पाहायला मिळतात, लागणारे पाने विकत मिळतात आणि चार चाकं कशी फिरतात हे थोडंफार आपल्याला कळतंच. त्यामुळे ‘हे मला जमेल का?’ असं स्वतःला विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘जमेल’ असंच येतं. म्हणूनच तो प्रश्न निवडीसाठी कुचकामी आहे. त्यापेक्षा असं विचारा: हे काम चुकलं, तर ते मला कधी कळेल? गाडी दारात उभी असताना, की रस्त्यावर वेगात असताना? आणि इंधनाच्या बाबतीत आणखी एक शक्यता धरावी लागते: कळायच्या आत भडका उडेल का?

चूक उभ्या गाडीत कळते ती कामं

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपरची पाती, बल्ब, फ्यूज, काच धुण्याचं पाणी, टायरची हवा. यांसाठी गॅरेजला जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय. हवा मात्र टायर थंड असताना तपासा. लांबून चालून आलेल्या गाडीत ती जास्त दाखवते, मग आपण काढून टाकतो आणि टायर गार झाल्यावर ती कमी पडते.

बॅटरीही याच यादीत येते, पण क्रम पाळून. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह न काढता पॉझिटिव्हचा नट फिरवायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की त्या पान्यातून शेकडो अँपिअर वाहतात. ठिणगी पडते, पाना तापतो, आणि हातात अंगठी किंवा कडं असेल तर तेही तापतं. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे ही ठिणगी बॅटरीच्या डोक्यावर पडणं आणखी वाईट. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करतानाही याच कारणासाठी काळा चिमटा सगळ्यात शेवटी, बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावायचा.

कूलंटची पातळी बाहेरच्या टाकीवरच्या खुणांवरून बघा. झाकण उघडायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. आत साधारण 1 बार दाब असतो, त्यामुळे कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवून दाब सोडला की त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि कुत्रीमांजरं ते चाटतात.

इंजिन ऑइल: काठावरचं काम

इथे दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. घरी केलं तर कोणत्या ग्रेडचं आणि किती ऑइल गेलं हे तुम्हाला स्वतःला माहीत असतं, जुनं ऑइल निवांत निथळू देता येतं आणि ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर खरंच बदलला जातो. गॅरेजमध्ये लिफ्ट असते, त्यामुळे गाडीखाली आडवं पडावं लागत नाही, आणि जुन्या ऑइलची विल्हेवाट लावायची सोय असते. घरी ते काम तुमच्या गळ्यात पडतं. जुनं ऑइल डब्यात भरून जिथे घेतात तिथे नेऊन देणं शक्य नसेल, तर या कामाला हातच लावू नका. गटारात किंवा मातीत ओतणं हा पर्यायच नाही. हातमोजेही घाला, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही.

काम चुकतं ते दोन जागी. ड्रेन प्लग आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवून बसवावा. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे तिरके बसले, तर ऑइल पॅनचा आटाच जातो. दुसरी जागा फिल्टरची. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. ती काळी असते, ऑइलने माखलेली असते, पटकन दिसत नाही. तिच्यावरच नवा फिल्टर त्याच्या रिंगसकट बसवला, की गाडी सुरू करेपर्यंत सगळं ठीक वाटतं. ऑइलचा दाब चढला की दोन रिंगांमधून धार लागते आणि इंजिन कोरडं पडायला वेळ लागत नाही. म्हणून जुन्या फिल्टरवर रिंग आहे ना ते आधी बघा, इंजिनाची बैठक फडक्याने पुसा, आणि भरून झाल्यावर दोन मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवून खाली वाकून बघा. गळती असेल तर तिथेच दिसते, म्हणून मी हे काम घरच्या बाजूला टाकतो.

इंजिन चालू ठेवायचं ते उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि शटर अर्धं वर केल्याने तो पुरेसा बाहेर जात नाही.

गाडी उचलायची कशावर?

स्टेपनीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. हा नियम ट्रॉली जॅकलाही लागू आहे, कारण हायड्रॉलिक सील न सांगता सुटतं. खरी निवड स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचे पक्के टेकू) आणि रॅम्प (चाकं चढवायचे उतार) यांच्यातली आहे.

रॅम्पवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, उचलण्याची जागा शोधावी लागत नाही, आणि ऑइल बदलण्यासारख्या कामाला तो झटपट पडतो. चढवताना जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला तर गाडी पुढून उतरते, म्हणून बाजूला कुणीतरी उभं हवं. चाक काढायचं असेल तर मात्र रॅम्प निरुपयोगी. तिथे स्टँडच हवेत, आणि तेही गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागांखाली, कडक सपाट जमिनीवर. विटा आणि सिमेंटचे ठोकळे वापरणारे बरेच दिसतात. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की जमिनीवरच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणारं काहीच उरत नाही. ऑटोमॅटिक गाडीतलं ‘पी’सुद्धा इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच अडवतं, आणि त्यातलं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरू शकतं, मग दुसरंही सरकतं. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

चूक वेगात कळते ती कामं

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन. यातलं सस्पेन्शनचं स्प्रिंग चर्चेतच नको: दाबलेलं स्प्रिंग सुटलं तर जीव घेऊ शकतं, आणि ते दाबायचं अवजार गॅरेजमध्येच चांगलं असतं.

ब्रेक पॅडचा मोह जास्त, कारण काम सोपं दिसतं. दोन बोल्ट, जुने पॅड काढा, पिस्टन आत ढकला, नवे घाला. पण पिस्टन आत ढकलल्यावर पेडल पंप करून पॅड डिस्कला टेकवायला विसरलात, तर गाडी बाहेर काढताना पहिला ब्रेक थेट तळाला जातो. पॅडला लागलेलं ग्रीसचं बोट किंवा अर्धवट कसलेला बोल्ट तर उभ्या गाडीत कळतच नाही. ज्याने कुणा जाणकाराच्या हाताखाली हे केलंय आणि ज्याच्याकडे टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट कसता येणारा पाना) आहे त्याने करावं. बाकीच्यांनी पॅडची जाडी चाकाच्या फटीतून स्वतः बघत राहावी आणि बदलायला गॅरेजला द्यावं. ब्रेकची धूळ कुणीही, कुठेही, हवा मारून उडवू नये. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

ब्रेक ऑइलचं तर मी सरळ गॅरेजच म्हणेन. डॉट 3 आणि डॉट 4 या दर्जांची ब्रेक ऑइलं हवेतलं पाणी शोषतात. नव्या डॉट 4 चा उत्कलनांक किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावरच्या चाचणीत किमान 155 अपेक्षित असतो. म्हणजे जुनं ऑइल घेऊन घाट उतरताना ते तापून आत वाफ धरू शकतं, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलतात ते यासाठी. महिनोन्महिने उघडी राहिलेली बाटली वापरणं म्हणजे पैसे देऊन पाणी भरणं.

इंधन: पेट्रोल की डिझेल, धोका वेगळा

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेट घेण्याइतकी वाफ सुटते ते) शून्याखाली 40 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे कुठल्याही नेहमीच्या हवामानात त्याची पेट घेणारी वाफ तयारच असते. डिझेलचा 50 अंशांच्या वर. सांडलेल्या डिझेलवर काडी पडली तर ती विझण्याची शक्यता असते. पेट्रोलच्या बाबतीत काडी द्रवापर्यंत पोहोचायचीही गरज नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरकते, खड्ड्यात, तळघरात साठते आणि लांबच्या हीटरच्या किंवा स्विचच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. तेव्हा गॅरेजच्या दाराशी उभं राहून ‘वास येत नाही’ म्हणणं व्यर्थ आहे, वास गुडघ्याखाली असतो.

याचा अर्थ डिझेल सुरक्षित, असा घेऊ नका. कॉमन रेल डिझेल इंजिनात (एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या) इंधनाचा दाब 2000 बारच्या घरात जातो. पाइपला बारीक चीर असेल आणि ती शोधायला कुणी बोट फिरवलं, तर धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. पेट्रोलच्या लाइनमध्येही इंजिन बंद केल्यावर दाब उरतो, आणि पाइप सोडवताना तो फवारा गरम इंजिनावर उडू शकतो. दोन्ही इंधनांसाठी माझं उत्तर एकच: टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचं काहीही गॅरेजला.

गॅसच्या गाडीत याहून कडक. सीएनजी सुमारे 200 बारला भरलेला असतो आणि गळला तर वर जातो, छताशी साठतो. एलपीजी जड, तो पेट्रोलच्या वाफेसारखा खाली बसतो. वास आला तर एकाला वरून वाट हवी, दुसऱ्याला खालून. दुरुस्ती दोन्हींची प्रशिक्षित माणसाकडूनच.

कॅनमधून इंधन आणायची वेळ आली तर प्लास्टिक की धातू? इंधनासाठीच बनवलेला असेल तर दोन्ही चालतात. प्लास्टिकचा गंजत नाही, हलका असतो. धातूचा आगीत जास्त टिकतो, पण पोचे पडून शिवणीवर गळू लागतो. पाण्याची बाटली मात्र नको: ती इंधनासाठी बनलेली नसते, झाकण वाफ अडवत नाही, आणि कुणीतरी ती पिण्याची समजून उचलतं. कॅन डिकीत किंवा मॅटवर ठेवून भरू नका. तिथे साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत जायला वाट नसते. जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवलेलं ठेवा, सावकाश भरा आणि वर थोडी जागा सोडा, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. टाकीतून काढताना पाइप लावून तोंडाने ओढण्याची पद्धत सोडाच; घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखी सूज येते. हातपंप घ्या. आणि तरीही कुणी गिळलंच, तर उलटी करायला लावू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

चुकीचं इंधन भरलं गेलं तर? पेट्रोलच्या गाडीत डिझेल जाणं कमी घडतं, कारण डिझेलचं नोझल बहुधा जाड असतं आणि पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात बसत नाही. उलट चूक सहज होते आणि महागात पडते: डिझेल स्वतःच हाय प्रेशर पंपाला वंगण देतं, पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं. लक्षात येताच किल्ली फिरवू नका, इग्निशनसुद्धा नको, कारण तेवढ्यानेही अनेक गाड्यांत टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो. गाडी ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करवून घ्या.

गॅरेज कुठलं?

वॉरंटी चालू असेल, किंवा एअरबॅग, हायब्रिड, इलेक्ट्रिक यांचं काम असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. नारिंगी केबल दिसली की तिथे शेकडो व्होल्ट आहेत असं समजून हात मागे. जुन्या, साध्या गाडीला ओळखीचा मेकॅनिक उत्तम. तो तुमच्यासमोर काम करतो, जुना पार्ट हातात देतो. चाकाचे नट तो फक्त एअर गनने कसून सोडतो की शेवटी टॉर्क रेंच लावतो, एवढं बघितलं तरी त्याच्याबद्दल बरंच कळतं. गाडी ताब्यात घेतल्यावर निघण्यापूर्वी ब्रेक दोन-तीनदा दाबून पेडल कडक लागतं का बघा, आणि चाक काढलेलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा कसून घ्या.