प्रौढांसाठीचा सायकल सराव वर्ग : एक अभिप्राय

मोठेपणी प्रथमच सायकल शिकणाऱ्यांसाठी आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सायकलकडे वळणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका सराव वर्गाविषयी हा अभिप्राय आहे. मी दुसऱ्या गटातली. तोल सांभाळता येत होता. मात्र मागून गाडीचा आवाज आला की खांदे आखडत आणि हँडल डगमगू लागे, एवढीच माझी अडचण होती. माहितीपत्रकात ‘आत्मविश्वास’ हा शब्द ठळक अक्षरांत असल्यामुळे स्फूर्तिदायक भाषणे ऐकावी लागणार अशी धास्ती वाटली होती, पण तसे काहीच झाले नाही. बहुतेक वेळ पाना, सीट आणि ब्रेक यांवरच गेला, आणि ते योग्यच होते.

नवशिक्यांच्या सायकलींची पायडले काढून ठेवली होती आणि सीट इतकी खाली आणली होती की बसल्या जागी दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकावेत. पायांनी जमीन रेटत पुढे जायचे, थोडा वेग आला की पाय उचलायचे, तोल जातोसे वाटले की टेकायचे, एवढाच पहिला पाठ होता. ही पद्धत काही नवी नाही. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ साली तयार केलेले दुचाकी यंत्र असेच पायांनी रेटत चालवायचे होते आणि पायडले त्यानंतर कित्येक दशकांनी आली. मागून कुणीतरी सीट धरून धावण्याच्या रूढ पद्धतीपेक्षा ही पद्धत सरस का, हे मैदानावर लगेच दिसते. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवून चाके पुन्हा अंगाखाली आणणे, हेच तोल सांभाळण्याचे खरे काम असते. सायकल दुसऱ्याने धरलेली असेल, तर ते काम चालवणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. पायडले परत बसवताना प्रशिक्षिकेने प्रत्येकीच्या हातात पाना दिला आणि डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे स्वतः फिरवून पाहायला लावले. असा छोटासा तपशील हाती आला की सायकलविषयीचे दडपण निम्म्याने उतरते, असे मला वाटते.

आमच्या गटाचा सर्वाधिक वेळ थांबण्याच्या सरावात गेला. खंडानंतर परतलेली बहुतेक माणसे सीट फार खाली ठेवतात, कारण थांबताना सीटवर बसूनच पाय टेकायचा असतो असा त्यांचा समज असतो. परिणामी गुडघे दुमडलेले राहतात, पाय लवकर भरून येतात आणि हे आपल्याला झेपणार नाही असे उगीचच वाटू लागते. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, ही सीटच्या उंचीची साधी कसोटी येथे शिकवली गेली, आणि त्याच्या जोडीला थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय लावून घेतली गेली. पुढच्या ब्रेकची भीतीही याच सत्रात गेली. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकाकडे सरकतो, त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते आणि केवळ मागच्यावर विसंबल्यास चाक घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत, शरीर थोडे मागे नेत, आखलेल्या रेषेच्या अलीकडे थांबायचे. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असतो हे देशोदेशी वेगळे असते, हे सांगून प्रत्येकीला आधी आपापल्या सायकलीचा पुढचा ब्रेक ओळखायला लावले.

माझ्या अडचणीवरचा उपाय मात्र निराळाच निघाला. जमिनीवर आखलेल्या सरळ रेषेवरून जात असताना मागे उभी असलेली सहायिका हाताची काही बोटे वर करते आणि आपण मान वळवून ती किती आहेत ते मोठ्याने सांगायचे. सुरुवातीला मानेबरोबर हँडलही वळत असे. कोपर सैल सोडून, ज्या बाजूला पाहायचे त्या बाजूचा हात क्षणभर हँडलवरून काढून मांडीवर ठेवल्यावर सायकल रेषेवर राहू लागली, आणि तोच हात पुढे वळण्याची खूण करण्यासाठी मोकळा झाला. मागे काय आहे हे पाहता येऊ लागल्यावर मागच्या आवाजाने दचकणे आपोआप कमी झाले.

गिअरविषयीचे सत्र घाईत उरकले. थांबण्याआधीच हलका गिअर टाकून ठेवावा, एवढेच त्यातून हाती लागले.

वर्गाची खरी उणीव रस्त्यावरच्या सत्रात आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘बाइकेबिलिटी’ प्रशिक्षणात बंद मैदान, शांत रस्ते आणि वर्दळीचे रस्ते अशा तीन पायऱ्या आहेत; येथे मधली पायरी गाळून मैदानावरून थेट वर्दळीत नेले जाते, तेही मोठा गट एकाच प्रशिक्षिकेच्या भरवशावर. जे सांगितले ते मोलाचे होते: अगदी कडेला चिकटून चालल्यास गटारांची झाकणे आणि खडी वाट्याला येतात आणि अरुंद जागेतूनही पुढे जाण्याचा मोह मागच्या वाहनचालकांना होतो, उभ्या मोटारींपासून दार पूर्ण उघडले तरी लागणार नाही इतके, म्हणजे मीटरभराहून अधिक अंतर ठेवावे, रस्त्यातले रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. मात्र रांगेच्या शेवटी असलेल्यांना यातले फारसे ऐकू गेले नाही. ओल्या रस्त्याविषयी आणि अंधारातल्या दिव्यांविषयी अवाक्षर निघाले नाही, हेही खटकले.

वर्गाच्या सायकली सुस्थितीत होत्या, पण ब्रेकच्या दांड्या लहान हातांना दूर पडत होत्या. अनेक दांड्यांना त्या जवळ आणण्यासाठी बारीकसा स्क्रू असतो. विचारल्यावर तो फिरवून दिला गेला, वास्तविक हे पहिल्याच दिवशी सर्वांसाठी करायला हवे होते.

तोलच साधत नसेल किंवा ब्रेक लावताना आणि मागे पाहताना अवघडायला होत असेल, तर या वर्गाचे शुल्क सत्कारणी लागते. केवळ वर्दळीची भीती घालवायची असेल, तर सामूहिक वर्गाऐवजी प्रशिक्षिकेसोबतचे एकट्याचे सत्र मागावे. ते येथे मिळते, फक्त माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. शेवटच्या सत्राला स्वतःची सायकल आणण्याची मुभा आहे. ती जरूर आणावी, कारण सीटची उंची आणि ब्रेकच्या दांड्यांचे अंतर घरच्या सायकलीवर पुन्हा नव्याने जुळवावे लागते.