एरर नाण्याचे पावणेपाच लाख आणि माझे ४७,६०० रुपये

आधीच सांगतो, ‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, दहा लाख घ्या’ असल्या व्हिडिओंना भुलणारा मी नाही. २०१२ सालची ती पाच आणि दहाची नाणी चलनात आलेली साधी नाणी आहेत, हे मी आजवर किती नातेवाइकांना घसा कोरडा होईपर्यंत समजावलंय. शाळेपासून नाणी जमवतोय. नाण्यावर वर्षाखाली हिरा म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि तरीही माझे ४७,६०० रुपये गेले. हे लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर ते लोक पुढचा बकरा शोधणारच आहेत.

सुट्या नाण्यांचा जुना डबा अल्बममध्ये लावत होतो, त्यात १९९८ चा स्टीलचा रुपया निघाला. छाप सरकलेली, म्हणजे टांकसाळीतच चुकलेलं ‘एरर’ नाणं. डावीकडचं कणीस जवळजवळ अर्धं कापलेलं, उजवीकडे चंद्रकोरीसारखी कोरी पट्टी, आणि खाली वर्ष पूर्ण, त्याखाली तारा स्पष्ट. वर्ष आणि मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीची खूण, दोन्ही शाबूत असलेलं ऑफ-सेंटर, म्हणजे छाप सरकलेलं नाणं काय मोलाचं, ते जमवणाऱ्यांना सांगायला नको. ओळखीच्या एका नाण्यांच्या जुन्या व्यापाऱ्याला दाखवलं. त्याने भिंग लावलं, कड बघितली, काट्यावर ठेवलं, ४.८५ ग्रॅम, बरोबर आहे म्हणाला, आणि ८०० रुपये सांगितले. मला राग आला. एरर नाण्याला आठशे? नाणं खिशात घालून तडक निघालो. या सगळ्या प्रकरणात नाणं हातात घेऊन बघणारा तोच एकटा होता.

मग फोटो टाकला एका ग्रुपवर. त्याच संध्याकाळी मेसेज, मग फोन. माणूस मराठी, आवाज मऊ, ‘काका, तुमच्याकडे काय वस्तू आहे याची तुम्हाला कल्पना नाही.’ ऑफ-सेंटर, ब्रोकेज (एका बाजूवर दुसऱ्या नाण्याची उलटी छाप), म्यूल (दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू एकाच नाण्यावर), सगळे शब्द त्याला येत होते. भाव लावला ४,७५,०००. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पैसे द्यायच्या ऐवजी माझ्याकडूनच मागायला लागला. रजिस्ट्रेशन १,१५०. ‘जीएसटी फाइल’ ८,५००. दर वेळी ‘हे पेमेंटसोबत परत मिळेल’. नाण्याचं वजन त्याने एकदाही विचारलं नाही. कडेचा फोटो मागितला नाही. शिकंज्यात दोन नाणी एकमेकांवर दाबून खोटं ब्रोकेज बनवणारे गावोगाव पडलेत, आणि पावणेपाच लाख मोजणारा माणूस वजन विचारत नाही! खरा गिऱ्हाईक आधी संशय घेतो, भाव पाडतो, नाकं मुरडतो. जो पहिल्याच फोनवर तुमच्या नाण्याची आरती ओवाळतो, त्याचा नंबर तिथेच ब्लॉक करा.

आता नाण्याचं म्हणून त्याने पाठवलेलं ते सर्टिफिकेट. हेच आठवून अजून रात्री डोकं तापतं. सिंहमुद्रा, रिझर्व्ह बँकेचं नाव, दोन सह्या, शिक्का. आणि मजकूर: ‘१ रुपया, १९९८, धातू तांबे-निकेल, वजन ६ ग्रॅम, टांकसाळ नोएडा.’ अरे, सहा ग्रॅमचा तांबे-निकेलचा रुपया १९९१ ला संपला! माझा रुपया स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा, आणि त्याच्यावर ठिपका नाही, तारा आहे. कुठल्या तरी जुन्या रुपयाचा मजकूर उचलून त्यावर माझं साल चिकटवलेलं होतं. आणि हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लगेच आलं! मी फोन केला आणि त्याला चांगली दहा मिनिटं समजावलं, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, धातू कसा ओळखायचा. तो ‘हो काका, बरोबर काका’ करत होता, बहुतेक लिहूनही घेत असेल, पुढच्याला ऐकवायला. मग म्हणाला, ‘टायपिंग मिस्टेक आहे, सुधारित सर्टिफिकेट निघेल, फक्त त्याआधी टीडीएस क्लिअर लागेल.’ ५ टक्के, २३,७५०. मी भरले. मला तेव्हा पैशांपेक्षा सर्टिफिकेटवर हैदराबाद यायला हवं होतं.

जन्मभर पगारातून टीडीएस कापून घेतलाय मी. टीडीएस देणारा कापतो, घेणारा आधी भरत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण माणूस खणखणीत आवाजात बोलला असता तर कदाचित सावध झालो असतो. हा आईच्या तब्येतीची चौकशी करायचा. बोला आता.

शेवटी विमा आणि ‘सिक्युअर पिकअप’चे १४,२००. पिकअपवाला आलाच नाही. वर ‘पेमेंट होल्डवर आहे, ३८,००० भरा’ आलं, तेव्हा मुलीने फोन हातातून काढून घेतला. मी पैसे पाठवले ती तीनही खाती वेगवेगळ्या माणसांच्या नावांची होती, एकही संस्थेच्या नावाचं नव्हतं. ते बघत जा. आणि रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा खरेदी करत नाही, त्यावर कमिशन किंवा कर मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी पत्रक काढून हे सांगितलेलं आहे. मुलीने ते पत्रक शोधून माझ्यासमोर ठेवलं. दोन मिनिटांचं काम होतं.

आता पुढची मजा. पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘नाणं कुठंय?’ म्हटलं, माझ्याकडेच आहे. ‘मग गेलं काय?’ शेजारचा हवालदार हसला. गेले ना साहेब, सत्तेचाळीस हजार सहाशे गेले! ‘ते तुम्ही स्वतःहून पाठवलेत.’ गुन्हा नोंदवायच्या ऐवजी नुसता अर्ज घेतला. पोचपावती मागितली तर साहेब जेवायला गेलेले. बँकेच्या शाखेत तेच. पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, आम्ही काही करू शकत नाही. समोरच्या खात्यावर रक्कम गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. शिक्का मारणारी बाई रजेवर. माझ्या पैशांना तेवढ्यात तीन खाती फिरून यायला वेळ मिळाला असेल. आणि वर प्रत्येक खिडकीवरचा माणूस मला विचारणार, ‘एवढे शिकलेले दिसता, मग कसे काय?’ चोराला कोणी विचारत नाही, तू एवढा हुशार, मग चोर कसा काय.

म्हणून सांगतो, असं झालं तर आधी ठाण्यात जाऊ नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तो क्रमांक देशभर चालतो, आणि पैसे गेल्यापासून जितक्या लवकर लावाल तितकं बरं. तक्रार क्रमांक मिळाला की मग अर्ज-बिर्ज. मेसेज, रेकॉर्डिंग, ते सर्टिफिकेट, काही डिलीट करू नका. मी रागाच्या भरात निम्मं चॅट उडवलं. आणि ग्रुपवर नाण्याचा फोटो टाकताना स्वतःचा नंबर टाकू नका, भाव विचारू नका. भाव प्रदर्शनात, समोरासमोर, दोघा-तिघांकडून काढा.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ४७,६०० रुपये रिकव्हर झालेत, प्रोसेसिंगचे २,९०० भरा.’ आकडा बिनचूक, एक रुपया इकडेतिकडे नाही. नंबर लिहून घेतला, पुन्हा ठाण्यात गेलो, म्हटलं हा घ्या चालू नंबर, आत्ता लावला तर उचलेल. अर्ज दोन प्रतींत द्या, म्हणाले.