स्वतंत्र बटणांचा एक्स्टेंशन बोर्ड : लॅमिंग्टन रोडवरची उपयुक्त खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून घेतलेल्या या एक्स्टेंशन बोर्डाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रत्येक सॉकेटला असलेले स्वतंत्र बटण. त्यामुळे वायफायचा राउटर चालू ठेवून संगणक, मॉनिटर, स्पीकर आणि प्रिंटर यांचा वीजपुरवठा पूर्णपणे तोडता येतो. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्सही वीज घेतच राहतो, आणि सतत १० वॅट घेणारे उपकरण वर्षाला सुमारे ८८ युनिट खर्च करते, याकडे आपले लक्षच जात नाही. बटणे भक्कम आहेत. वायर मात्र आखूड आहे. संगणक आधी रीतसर शटडाउन करूनच बटण बंद करावे. इस्त्री किंवा गीझर यावर मुळीच लावू नये. ६ अँपिअरचा हा बोर्ड त्यासाठी बनवलेला नाही.