रिलीव्हर निवडताना ईआरए बघावा की फिप?

माझा भाचा यंदा त्याच्या ऑफिसातल्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये शिरलाय (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवायचे). ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू निवडायच्या, आदल्या रात्री फोन: "मामा, सगळे रिलीव्हर ईआरएच्या क्रमाने लावले आणि सगळ्यात वरचा उचलला, तर चालेल ना?" रिलीव्हर म्हणजे सामन्याच्या मध्ये येणारा बदली पिचर (चेंडू टाकणारा). ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेले अर्न्ड रन, म्हणजे फिल्डरांच्या चुकांचे सोडून बाकीचे; जितका कमी तितका चांगला. मीही बरीच वर्षं हेच करत होतो, त्यामुळे एकदम नाही म्हणवेना.

ईआरएची बाजू खोटी नाही. रन गेले म्हणजे गेले, आणि लीगचे गुणही त्यावरच मिळतात. फक्त रिलीव्हरची तुलना रिलीव्हरशीच करायची. ताज्या दमाने एक इनिंग टाकून जाणाऱ्याला सामना सुरू करून सहा इनिंग ओढणाऱ्या स्टार्टरशेजारी बसवलं तर तो उगाच थोर दिसतो. ईआरए-प्लसमध्ये (लीगच्या सरासरीशी ताडलेला ईआरए) मैदानाचा, म्हणजे डेन्व्हरच्या विरळ हवेचा वगैरे, हिशेब होतो खरा. पण सरासरी सगळ्याच पिचर्सची, म्हणजे स्टार्टरचीही, धरलेली असते.

माझं मन ईआरएवरून उडालं ते स्टेडियममध्ये. गुडघ्यावर वही ठेवून स्कोअर लिहायची मला खोड आहे. सातवी इनिंग, एक आउट. दोन वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) आणि एक सिंगल (एका बेसचा फटका) होऊन तिन्ही बेस भरलेले. मॅनेजरने पिचर बदलला. नव्या गड्याचा पहिलाच चेंडू दोन फिल्डरांच्या मधून थेट भिंतीपर्यंत, तिघेही घरी. पुढचे दोघे आउट. आता वहीत काय? तिन्ही रन आधीच्या पिचरच्या नावावर, कारण रनर त्याने बेसवर सोडलेले, आणि या पठ्ठ्यासमोर दोन आउट, शून्य रन. म्हणजे त्याचा ईआरए त्या रात्री चक्क सुधारला! नियम मला पाठ होता, पण स्वतःच्या हाताने ते शून्य लिहिताना पेन्सिल अडली. ती चीड अजून गेलेली नाही.

स्टार्टरच्या दीडशे-पावणेदोनशे इनिंगमध्ये असलं बरंचसं जिरून जातं. रिलीव्हरच्या वाट्याला जेमतेम साठ. त्यात १५ रन गेले तर ईआरए २.२५, आणि एका वाईट रात्री आणखी पाच गेले की ३.००.

फिप (फिल्डिंग वगळून काढलेला, ईआरएसारखाच वाचायचा आकडा) या भानगडीत पडतच नाही. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), वॉक, चेंडू लागलेले बॅटर आणि होमरन, एवढंच बघतो. बेसवर रनर कुणी ठेवले, फिल्डरने काय सोडलं, याच्याशी त्याला घेणं नाही. त्याने चित्र किती पालटतं बघा. ओरिओल्स संघाचा झॅक ब्रिटन, २०१६: ६७ इनिंगमध्ये चार अर्न्ड रन, ईआरए ०.५४. ब्रेव्ह्जचा क्रेग किम्ब्रेल, २०१२: ईआरए १.०१. ईआरएने ब्रिटन पुढे. फिप मात्र ब्रिटनचा १.९४ आणि किम्ब्रेलचा ०.७८, कारण त्याने ११६ स्ट्राइकआउट घेऊन वॉक दिले फक्त १४. दोघेही अफलातूनच, पण मी किम्ब्रेल घेतला असता. फर्नांडो रॉडनीचा ०.६० ईआरए (तोही २०१२चाच) पुढच्या वर्षी ३.३८ झाला, फिप त्याचा ०.६०च्या वर्षीही २.१३ होता. विकत आपण पुढचं वर्ष घेतो, मागचं नव्हे.

फिपही सगळ्यांना न्याय देतो असं नाही. यांकीजचा रिलीव्हर मारियानो रिव्हेरा, त्याच्या कटरवर (ऐनवेळी किंचित वळणारा वेगवान चेंडू) बॅटी मोडायच्या, चेंडू टुकुटुकु हातात यायचा. कारकिर्दीचा ईआरए २.२१, फिप २.७६, आणि एवढ्या वर्षांच्या फरकाला नशीब म्हणायला मी तरी धजत नाही. पण रिव्हेरा दर ड्राफ्टला मिळत नाही.

दोघांचा फिप सारखाच निघाला तर मी आणखी एक रकाना उघडतो: आला तेव्हा बेसवर किती रनर होते, आणि त्यातले किती घरी गेले. साधारण तीनातला एक जातो, त्याहून कमी जात असतील तर गडी कामाचा.

"मामा, हे आमच्यात कुणी बघत नाही," भाचा म्हणाला.

म्हटलं, मग तर बघच.