सोलाना, आर्बिट्रम, पॉलिगॉन : काही महिने वापरल्यावर

परदेशातल्या एका क्लायंटसाठी यूएसडीसीत (डॉलरशी बांधलेलं डिजिटल चलन) पैसे घेण्यादेण्याची सोय बनवतोय, त्यामुळे ही तिन्ही ब्लॉकचेन नेटवर्क सांगलीत घरी बसून रोज वापरात आहेत. ‘सेकंदाला इतके व्यवहार’ या जाहिरातीकडे मी आता बघतच नाही. सोलानाच्या आकड्यात तर व्हॅलिडेटरांची (व्यवहार तपासणारी मशीन चालवणाऱ्यांची) मतंसुद्धा व्यवहार म्हणून मोजलेली असतात.

वेग खोटा नाही, हेही सांगतो. सोलानाचा स्लॉट, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा (ब्लॉक) लिहायची पाळी, साधारण 400 मिलिसेकंदांचा. पुढचे ब्लॉक कोण लिहिणार हे आधीच ठरलेलं असतं, ताकारी-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याच्या आवर्तनासारखं. त्यामुळे व्यवहार सामायिक रांगेत न थांबता थेट ज्याची पाळी त्याच्याकडे जातो. खरी मजा पुढे आहे. प्रत्येक व्यवहाराला ताजा ब्लॉकहॅश (नुकत्याच लिहिलेल्या ब्लॉकची खूण) जोडावा लागतो आणि तो 150 ब्लॉकांनी, म्हणजे मिनिट-दीड मिनिटात, शिळा होतो. विश्रामबागेत ऐन पाठवताना लाईट गेली आणि राउटर परत सुरू होईपर्यंत वेळ लागला, की न पोहोचलेला तो व्यवहार बाद. मुदत उलटल्याची खात्री करायची आणि नव्याने सही करून पाठवायचा. सुरुवातीला वैताग यायचा, आता हीच रचना आवडते. लोंबकळत काही राहत नाही.

पॉलिगॉनवर नेमकं उलटं. नॉन्सच्या (खात्याच्या व्यवहारांना दिलेल्या अनुक्रमांकाच्या) क्रमाने जायचं, त्यामुळे कमी फीचा एक व्यवहार अडकला की त्याच खात्याचे मागचे सगळे तुंबतात. शिवाय आर्बिट्रम आणि पॉलिगॉनवर पत्ता एकच. क्लायंटने एकदा आर्बिट्रमऐवजी पॉलिगॉनवर पैसे टाकले. बुडाले नाहीत, पण हलवायला फीपुरतंही पीओएल (पॉलिगॉनची फी ज्यात भरतात ते चलन) खात्यात नव्हतं! तेव्हापासून थोडं ठेवतोच.

आर्बिट्रमवर पोच क्षणात मिळते, पण ती एकट्या सिक्वेन्सरची, म्हणजे व्यवहारांचा क्रम लावणाऱ्या एका सर्व्हरची. पक्कं होतं ते माहिती इथेरियमवर, म्हणजे आर्बिट्रम ज्याच्या आधारावर उभं आहे त्या नेटवर्कवर, चढल्यावर. अधिकृत पुलावरून (दोन नेटवर्कांमध्ये पैसे हलवायची सोय) इथेरियमला पैसे काढायचे तर सुमारे आठवडाभर थांबा, कारण हरकत घ्यायला तेवढी मुदत ठेवलेली आहे. 15 डिसेंबर 2023 ला तो सिक्वेन्सर तासाभराहून जास्त बंद होता. सोलाना 6 फेब्रुवारी 2024 ला सुमारे पाच तास बंद पडलं होतं, तेव्हा व्हॅलिडेटरांनी एकमेकांशी बोलून ते पुन्हा सुरू केलं. (भारतातला क्रिप्टोवरचा 30 टक्के कर आणि 1 टक्का टीडीएस मात्र कुठल्याच नेटवर्कवर बंद पडत नाही.)

रोजचे किरकोळ व्यवहार मी सोलानावर करतो. एका सहीची मूळ फी 0.000005 सोल (सोलानाचं चलन), म्हणजे नगण्य. मोठी रक्कम आर्बिट्रमवर. सोलानाचा नोड (नेटवर्कची नोंद स्वतः ठेवणारं मशीन) चालवायला 256 जीबी किंवा त्याहून जास्त रॅमचं मशीन लागतं, ते काही माझ्या घरात येत नाही. इथेरियमचा नोड माझ्या टेबलाखाली 32 जीबीवर चालतो आणि आर्बिट्रमची माहिती इथेरियमवरच येऊन पडते, म्हणजे ती खरंच चढली का हे माझं मी तपासू शकतो. पंख्याच्या आवाजाबद्दल घरातून तक्रार आहे, तेवढी सोसतोय.